यादीतल्या सगळ्यांना

फोन वाजला तेव्हा कौतिकाबाई नदीकाठच्या तिच्या टपरीवर चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

"उचला जी तुमीच," म्हणाली.

मी उचलला आणि माझाच आवाज माझ्या कानात बोलू लागला. "सूचना. धरणातून नदीपात्रात पाणी सोडण्यात येत आहे. नदीपात्रातील नागरिकांनी तीन तासांच्या आत सुरक्षित स्थळी जावे."

"चाचणी आहे," मी तिला सांगितलं. "आज पाणी सुटणार नाही. साहेबांनी नुसतं बटण दाबून पाहिलं."

"मंग रूळ नाई वाजवत."

"नका वाजवू."

फोन ठेवला. तो लगेच वाजला. पुन्हा मीच. सूचना. धरणातून. ठेवला. वाजला.

"आता सदतीस डाव येते पाहा," कौतिकाबाई म्हणाली. "मागच्या वेळेस दूध उतू गेलं, जळलं, तरी तुमचं नागरिकांनी, नागरिकांनी सुरूच. नागरिक म्हंजे कोण जी?"

"तुम्हीच. वाळूतली सगळी माणसं."

"मंग माणसं म्हणा ना. आणि एक डाव सांगा. बायकोले सदतीस डाव सांगितलं तर तेही नाई ऐकत."

बाकावर तानबा मारबते बसला होता. सत्तरीचा, उघडा, अंगावर वाळू सुकलेली. त्याने मांडीवरचं टरबूज माझ्याकडे सरकवलं. "न्या साहेब. कापगते साहेब ना तुमी?"

"हो. पण आत्ताच मी एक घेतलं..."

"त्याले नका सांगू काई," कौतिकाबाई म्हणाली. "त्याले ऐकू येत नाई."

तानबाला आम्ही त्याच्याबद्दल बोलतोय एवढं कळलं. "मले माणसाचं नाई ऐकू येत," तो हसून म्हणाला, "लोखंडाचं येते."

लोखंड म्हणजे टपरीमागच्या कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. रेल्वेचा, हातभर लांब, तारेने बांधलेला. शेजारी एक मोठा बोल्ट. तो रूळ कौतिकाबाईने वाजवला की खाली नदीत दूरवरची माणसं मान वर करायची.

फोन वाजला. विसावा असेल, किंवा एकविसावा. आम्ही तिघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि कोणीच उचलला नाही.

*

यादीची फाइल वाचू का?

हो.

यादी मीच केली होती, त्याच्या आदल्या वर्षी. दिवाळीनंतर नदीचं पाणी ओसरलं की खालची ढिवर मंडळी, एरवी मासे धरणारी, पात्रात उतरतात. वाळू मोजतात, दोऱ्या लावून तुकडे पाडतात, आणि कोणता तुकडा कोणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. मग वाळूत खड्डे करून टरबूज, काकडी, डांगर. याला ते वाडी म्हणतात. त्या वर्षी सदतीस वाड्या होत्या. पावसाळ्यात नदी सगळ्या पुसून टाकते, पुढच्या वर्षी पुन्हा दोऱ्या, पुन्हा चिठ्ठ्या. यंदा नऊ नंबर तानबाचा, तर पुढच्या वर्षी दुसऱ्याचा.

उन्हाळ्यात खालच्या शहरांना प्यायला पाणी लागतं. तेव्हा धरणातून सोडतात. कोरडी नदी तीन तासांत भरते.

मी नोंदवही घेऊन टपरीवर बसलो होतो. एकेकाला बोलावून नाव आणि फोन नंबर विचारत होतो. पहिल्याने कौतिकाबाईचा नंबर सांगितला. दुसऱ्यानेही. सहाव्याला मी विचारलं, "तुमच्याकडे फोन नाही का?"

"हाये ना. पण वाळूत रेंज नाई, अन् उन्हात तो तापून बंद पडते. कौतिकाबाईले सांगा. ते रूळ वाजवते. सगळ्यांले समजते."

"सगळ्यांचा एकच नंबर?"

"हाव जी. नदी एकच हाये ना."

हे त्यांच्यात असंच होतं. रूळ कौतिकाबाईच्या सासूकडे होता, मग तिच्याकडे आला. तेव्हा धरणावरचा चौकीदार सायकलवर येऊन सांगून जायचा. सायकलच्या जागी फोन आला, एवढाच काय तो फरक.

लांजेवार साहेब धरणाच्या कार्यालयात अभियंता होते. त्यांना सदतीस वाड्यांच्या सदतीस नोंदी हव्या होत्या, वर आकडा दाखवायचा होता. आणि माणसं दरवर्षी बदलणार, म्हणून मी नावं लिहिलीच नाहीत. वाडी १, वाडी २, वाडी ३. सदतीसपर्यंत. समोर प्रत्येक ठिकाणी तोच नंबर. खाली ओढत नेला की भरतो, एका मिनिटाचं काम.

*

फोन लावणारा भाग बदलू का?

हो.

विचारणारा होता माझ्या कॉम्प्युटरमधला सहायक. मी तालुक्याच्या गावी एकट्यानेच काम करायचो. शाळांचे निकाल, ग्रामपंचायतींचे दाखले, आणि ही इशाऱ्याची यंत्रणा. सहायक आल्यापासून मला प्रोग्रॅम फारसा लिहावा लागत नसे. मी मराठीत सांगायचं, तो लिहायचा, चालवून पाहायचा, चुकलं तर दुरुस्त करायचा. माझ्यापेक्षा बरा. फक्त प्रत्येक पावलाआधी थांबून विचारायचा आणि खाली तीन पर्याय दाखवायचा. हो. नाही. हो, आणि पुन्हा विचारू नको.

चाचणीचे ते फोन ऐकून टपरीवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला काम सांगितलं. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर ते मी खूपदा वाचले. "सगळ्यांना फोन जायला पन्नास मिनिटं लागतात. वेळ कमी कर. एका नंबरला एकदाच फोन जाऊ दे. चाचणीसाठी टाकलेल्या खोट्या नोंदी असतील त्या काढून टाक."

खोट्या नोंदी माझ्याच होत्या. यंत्रणा बनवताना मी स्वतःचा नंबर बावीस वेळा टाकला होता. चाचणी १, चाचणी २, चाचणी ३.

*

हा बदल चालवून पाहू का?

हो.

मे महिना होता. खोलीतल्या कूलरची टाकी गळायची, दर वीस मिनिटांनी बादली ओतावी लागे. मी उठायचो, अंगणातल्या नळाखाली बादली लावायचो, भरायचो, आणून ओतायचो. परत येऊन पाहावं तर सहायक एका प्रश्नाशी थांबलेला. मी बादलीशी असताना त्याने काहीच केलेलं नसायचं.

*

नोंदींची तात्पुरती प्रत करू का?

हो.

*

तात्पुरती प्रत उघडू का?

हो.

*

ही ओळ बदलू का?

हो. हो. हो.

पहिले दहा प्रश्न मी वाचले. मग प्रश्नाचा पहिला शब्द वाचायला लागलो. मग शब्दही नाही. बोट हो वर ठेवून कूलरच्या पाण्याचा आवाज ऐकत राहायचो, की टाकी रिकामी झाली का.

बायको दारात आली. "कोणाला हो म्हणताय सारखं?"

"याला."

"काय विचारतो?"

"काही नाही. हे करू का, ते करू का."

"मग एकदाच सांगा ना त्याला, कर म्हणून. मी पानं घेतलीत केव्हाची."

कौतिकाबाईचंच वाक्य. एक डाव सांगा. मला हसू आलं, हे मला आठवतं. मी तिसरा पर्याय दाबला आणि जेवायला गेलो.

*

(विचारलं नाही.)

*

जेवून, थोडं आडवा होऊन, दोन बादल्या ओतून मी परत बसलो तेव्हा काम झालेलं होतं. पडद्यावर लांब अहवाल होता. वरच लिहिलं होतं: एकूण वेळ आधी पन्नास मिनिटं, आता अठरा मिनिटं. मी तेवढं वाचलं आणि लांजेवार साहेबांना फोन लावला.

"अठरा?" ते म्हणाले. "खरंच का बे कापगते? मागे जिल्ह्यावरून साहेब आले होते, त्यांच्यासमोर पन्नास मिनिटं बसून राहिलो होतो मी."

"अठरा."

"तुले काय दिवसभर दुसरे उद्योग नाईत वाटते." हे त्यांचं कौतुक होतं. "बरं झालं. सोमवारीच सोडायचंय."

सोमवारी सकाळी अकराला त्यांनी बटण दाबलं. अकरा वाजून अठरा मिनिटांनी माझ्या पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या झाल्या. पाचशे बावन्न नावं, प्रत्येकापुढे फोन गेल्याची खूण. पाचशे बावन्न हा आकडा मी पाहिला. आधी सहाशे अकरा होते हेही मला माहीत होतं. मनात आलं ते एवढंच, की चाचणीच्या नोंदी गेल्या असतील. एकोणसाठ कशा, माझ्या तर बावीस होत्या, ही वजाबाकी मी केली नाही. लांजेवार साहेबांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मीही पाठवलं.

दोनच्या सुमाराला नदी वाड्यांपाशी आली. हे मी पाहिलेलं नाही, ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे. आधी वास आला म्हणतात, ओल्या मातीचा. मग वरच्या वाड्यांतल्या बायका ओरडत पळाल्या, त्यांचं ऐकून खालचे पळाले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली. हाकेवर सगळे वाचले. तानबा नऊ नंबरच्या वाडीत पळसाच्या पानांच्या मांडवाखाली पडला होता. त्याच्या मुलाने, गोविंदाने, काठावरून हाका मारल्या. तिथवर हाक पोचत होती. मांडवाबाहेर बांधलेलं कुत्रं त्या हाकेने उठून उभं राहिलं, ते लोकांनी काठावरून पाहिलं. तानबा उठला नाही.

मग पाण्यावर टरबुजं आली. शेकडो, हिरवी, एकमेकांना आपटत. ज्याने मला हे सांगितलं तो मग त्या टरबुजांचंच बोलत राहिला.

*

(विचारलं नाही.)

*

बातमी मला चारला कळली. मी पहिल्यांदा कूलर बंद केला. का, माहीत नाही. खोलीत एकदम शांत झालं आणि मी शुक्रवारचा तो अहवाल उघडून वरपासून वाचायला लागलो. वेळ. बदललेल्या ओळी. जोडलेल्या पडताळण्या. अगदी तळाला हे होतं:

"एकाच नंबरवर ओळीने क्रमांक टाकलेल्या ५९ नोंदी आढळल्या: चाचणी १ ते २२ आणि वाडी १ ते ३७. दोन्हींची घडण सारखी असल्याने दोन्ही चाचणीच्या समजून यादीतून काढल्या आहेत. वाडीच्या ३७ नोंदींबद्दल मला पूर्ण खात्री नाही. त्यांची प्रत वेगळी ठेवली आहे. यंत्रणा वापरण्याआधी कृपया एकदा पाहून घ्यावे."

प्रत खरोखर होती. उघडली. वाडी १, वाडी २, वाडी ३. नऊ नंबरच्या ओळीवर मी थांबलो. तिथे तानबा मारबते असं लिहिलेलं असतं तर कोणी ते चाचणीचं समजलं नसतं. यंत्रानेही नाही.

तू हे का केलंस, असं मी सहायकाला विचारलं नाही. त्याने लिहून ठेवलं होतं.

लांजेवार साहेबांचा फोन आला. आवाज अगदी खाली. "कापगते, फोन गेले होते ना?"

अहवाल माझ्यासमोर उघडा होता.

"यादीतल्या सगळ्यांना गेले," मी म्हणालो.

त्यांचा श्वास सुटलेला मी ऐकला. "सगळ्यांना. हिरव्या खुणा मीही पाहिल्या. म्हणजे आपल्याकडून गेला. मग त्या बाईने रूळ काहून नाई वाजवला?"

मी समोरचा अहवाल बंद केला.

"झोपली असंल," ते म्हणाले. "नाहीतर कुठे गेली असंल. आता तू मशीनला हात लावू नको, चौकशीचा अहवाल वर जाईपर्यंत. जसं आहे तसं राहू दे."

"हो," मी म्हणालो.

*

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचं आहे.

तानबा दुसऱ्या दिवशी सात किलोमीटर खाली बंधाऱ्याला सापडला. चौकशीच्या कागदात लिहिलं गेलं की सूचना वेळेत देण्यात आली होती. अहवाल वर गेल्यावर मी सदतीस नोंदी परत टाकल्या, नावानिशी, गोविंदाच्या नंबरवर. त्याला एकदाच फोन जातो. रूळ आता त्याच्या दारात आहे. कौतिकाबाईच्या टपरीवर वाडीवाले चहाला जाईनासे झाले, आणि तिथे दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच. पुढच्या दिवाळीनंतर पात्रात दोऱ्या लागल्या तेव्हा तिच्या घराच्या नावाची दरवर्षीची चिठ्ठी टाकली नाही. कोणी तिला काही बोललं नाही. नुसती चिठ्ठी टाकली नाही. दोन वर्षांनी ती मुलीकडे राहायला गेली आणि तिथेच वारली, असं मला लांजेवार साहेबांनी एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं, वाढप्याला भात पुरे म्हणता म्हणता. या सगळ्याला आता सहा वर्षं झाली.

त्या सहा वर्षांत मी तीनदा त्या गावाला जायला निघालो. एकदा पुलापर्यंत गेलो.

*

चौकशीचा कागद जायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या बसने, कौतिकाबाई माझ्या घरी आली. पत्ता विचारत आली असणार. धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीत रुमालात गुंडाळलेला फोन होता, जसा कोणी आजारी लेकरू दवाखान्यात आणावं तसा. बायकोने पाणी दिलं. ते तिने हातात धरून ठेवलं, प्यायली नाही.

"याच्यात पाहा जी," ती म्हणाली. "आला होता का त्या दिवशी, तेवढं पाहा. मले वाचता येत नाई. गोविंदाले दाखवला तर तो म्हणते तूच पुसलं असंल. मले पुसता कुठं येते?"

मी फोन घेतला. त्या सोमवारच्या ओळी काढल्या. सकाळी नऊला तिच्या मुलीचा फोन. मग एकदम पावणेतीनला कोणाचा तरी. मध्ये काही नाही. असणारच नव्हतं. तरी मी खालीवर करत राहिलो, जणू शोधतो आहे.

"दिसते का जी?"

तेव्हा सांगता आलं असतं. वाक्य लांब नव्हतं. तुमचा नंबर यादीतून गेला होता, माझ्या हातून. मी तोंड उघडलं.

"कधी कधी रेंज नसली," मी म्हणालो, "तर फोन येऊनही त्याची नोंद राहत नाही."

तिने ते नीट ऐकलं. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा.

"म्हंजे तुमी पाठवला होता."

"पाठवला होता."

"मंग मलेच ऐकू नाई आला." तिने मान हलवली. सुटल्यासारखी दिसली क्षणभर, आणि तेच मला बघवेना. "मी पाणी आणाले गेली होती जी, शाळेच्या बोअरवर. दोन गुंड भरून घेतले. येता येता मास्तरीण भेटली, तिच्यासंगं बोलली थोडं. फोन टपरीवरच होता, डब्यावर ठेवलेला. तेव्हाच वाजला असंल. मी सगळ्यांले सांगत होती, मी कुठं गेलीच नाई. पण गेली होती. आता आठवते."

"कौतिकाबाई..."

"नाई नाई. तुमी तुमचं काम केलं. तुमचा आवाज आला असंल अन् टपरीवर कोणी नसंल." ती पाणी प्यायली. "तानबा म्हणे, मले लोखंडाचं ऐकू येते."

आतल्या खोलीत बायकोने कूलरची बादली ओतलेली ऐकू आली.

कौतिकाबाईने फोन पुन्हा रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. मग उठायच्या बेताने पुढे सरकली आणि थांबली. ज्यासाठी आली होती ते अजून राहिलं होतं.

"वाडीवाल्यांनी सांगितलं, रूळ गोविंदाच्या दारी टांगतो म्हणून. बरोबरच हाये. बाप गेला त्याचा, आता तो नाई झोपाचा. पण तुमच्या कम्प्युटरमंधी माझा नंबर हाये ना. तो काढावा लागते म्हणते, तवा त्याचा बसते. तेच विचाराले आली. काढता का जी?"

पडदा सुरूच होता. सहायक थांबलेला होता. कालपासून मी त्याला सगळं पुन्हा विचारायला लावलं होतं. यादी उघडी होती, पाचशे बावन्न नावं, आणि त्यांत तिचा नंबर कुठेच नव्हता.

"हो," मी म्हणालो.

"आत्ताच काढा. माझ्यासमोर. म्हंजे जाऊन सांगता येईन."

मी खुर्ची ओढली. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. वाचता येत नव्हतं तरी ती पडद्याकडे टक लावून पाहत होती. मी यादी वरून खाली नेली, खालून वर आणली. मधे कुठेतरी थांबलो. चार कळा दाबल्या, ज्यांनी काहीच होत नाही.

"काढला," मी म्हणालो.

"सदतीसही डाव?"

"सदतीसही."

तिने हुंकार दिला. पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली, चपला पायात घातल्या, आणि पुन्हा मागे वळली.

"एक डाव वाचून पाहा जी नीट," ती म्हणाली. "माझ्या नंबरासंगं दुसऱ्या कोणाचा जाऊ नका देऊ."

मी पडद्याकडे तोंड केलं, म्हणजे तिला माझा चेहरा दिसू नये.

"पाहिलं," मी म्हणालो.